महामंदीच्या धड्यातून नट, चित्रकार आणि गाणी का वगळली? : अभ्यास मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष व सदस्य,
इतिहास अभ्यास मंडळ यांस,
स. न. वि. वि.

द्वितीय वर्ष कला शाखेच्या ‘आधुनिक जगाचा इतिहास’ या पेपरचा सुधारित आराखडा महाविद्यालयांकडे आला आहे. ‘अमेरिकेतील महामंदी’ या घटकातला ‘सरकारी मदतकार्य आणि लोकप्रिय संस्कृती’ हा उपघटक त्यातून काढला आहे. त्याच्या जागी ‘न्यू डील (अध्यक्ष रूझवेल्ट यांचा मंदीनिवारणाचा कार्यक्रम) : प्रमुख कायदे व संस्था’ एवढी एक ओळ आली आहे. सोबतच्या टिपणात कारणं दोन दिली आहेत. तासिका पुरत नाहीत. आणि नाटक, सिनेमा, रेडिओ वगैरे ‘पूरक वाचनात’ घेता येईल.

मी हा पेपर शिकवतो. रीतसर लेखी हरकत पाठवली होती. पोच आली, उत्तर आलं नाही. आराखडा एकदा विद्या परिषदेत मंजूर झाला की पुढची काही वर्षं त्याला कोणी हात लावत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. जे हा पेपर शिकवतात आणि ज्यांना तो द्यायचा आहे, त्यांनीही वाचावं.

माझा स्वार्थ आधीच सांगून टाकतो. सबंध सत्रात मुलं आपणहून प्रश्न विचारतात असे मोजकेच तास असतात आणि त्यातले बरेच या उपघटकाचे असतात. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, “सर, लोक उपाशी असताना सरकारनं नटांना पगार का दिला?” या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलं की बेकारी म्हणजे काय, मदत कोणाला मागता येते, काम कशाला म्हणायचं, सरकारनं टीका सहन करावी का, हे सगळं एकामागून एक येतं. हा प्रश्न ज्या उपघटकातून निघतो तोच तुम्ही काढलात. आता हरकती सांगतो.

पहिली हरकत ‘संस्था व कायदे’ या मांडणीला. नव्या आराखड्यात १९२९ च्या ऑक्टोबरातली शेअर बाजाराची पडझड आहे, १९३३ मध्ये दर चार कामगारांमागे एक बेकार हा आकडा आहे आणि मग एएए (शेती), सीसीसी (जंगलकाम), एनआरए (उद्योग), टीव्हीए (टेनेसी खोऱ्यातली धरणं), डब्ल्यूपीए (रोजगार) ही योजनांच्या आद्याक्षरांची रांग आहे. त्या काळचे अमेरिकन लोकही या आद्याक्षरांची थट्टा करायचे; आपली मुलं ती घोकतात आणि परीक्षा संपली की विसरतात. पण मुद्दा पाठांतराचा नाही. या योजना चालल्या कशा, हेच या यादीतून कळत नाही.

साधं उदाहरण बँकांचं घ्या. रूझवेल्ट ४ मार्च १९३३ ला पदावर आले तेव्हा ठेवीदार बँकांतून पैसे काढून घरी नेत होते. सगळ्या बँकांना सुट्टी दिली गेली, ९ मार्चला तातडीचा कायदा झाला. आराखडा इथे थांबतो. १२ मार्चला, रविवारी रात्री, अध्यक्ष रेडिओवर बोलले. बँकेत ठेवलेले पैसे तिजोरीत पडून नसतात, ते कर्जाऊ दिलेले असतात, म्हणून सगळ्यांनी एकदम मागितले तर कुठलीच बँक देऊ शकत नाही, हे त्यांनी घरात बसून सांगावं तसं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडू लागल्या आणि लोक काढलेले पैसे परत भरायला रांगेत उभे राहिले. विल रॉजर्स या विनोदवीराचं म्हणणं असं होतं की त्यांनी बँकिंग इतकं सोपं करून सांगितलं की बँकवाल्यांनासुद्धा समजलं. आता मला सांगा, यातला रेडिओ ‘पूरक वाचनात’ टाकला तर कायद्यानं काय साधलं हे मी मुलांना कसं समजावू?

तीच गत एनआरएची. उद्योगांनी मजुरीचे आणि कामाच्या तासांचे नियम पाळावेत म्हणून निघालेली ही योजना. ती दुकानादुकानाच्या काचेवर लावलेल्या निळ्या गरुडाच्या चित्रावर चालली. दारात गरुड नसेल तर गिऱ्हाईक नाक मुरडायचं. त्याच वर्षी एका संगीतपटात नर्तकांनी कवायत करत पडद्यावर तो गरुड उभा केला. फिलाडेल्फियाच्या नव्या फुटबॉल संघानं नाव घेतलं ‘ईगल्स’. १९३५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं या योजनेमागचा कायदा घटनाबाह्य ठरवला. संघ अजून खेळतो आहे.

दुसरी हरकत सगळ्यात मोठी आहे. कलांना तुम्ही ‘पूरक’ म्हटलंत. डब्ल्यूपीए ही १९३५ साली सुरू झालेली रोजगार योजना. १९४३ पर्यंत तिच्यात सुमारे ८५ लाख लोकांनी काम केलं. रस्ते, पूल, शाळा, विमानतळ बांधले गेले. याच योजनेत ‘फेडरल वन’ नावाचा एक भाग होता: चित्रकार, संगीतकार, नाटकवाले, लेखक आणि जुन्या दप्तरांची नोंद करणारे. ऐन भरात त्यात ४० हजारांच्या आसपास लोक होते. डब्ल्यूपीएच्या एकूण खर्चात या भागाचा वाटा शेकडा एकच्याही आत होता, पण तो मदतकार्याच्या बाहेरचा नव्हता. काम मिळायला बहुतेकांना आपण गरजू आहोत हे आधी मदत-कचेरीत सिद्ध करावं लागे. गवंड्याला जी रांग होती तीच व्हायोलिनवाल्याला. कलावंतांना कशाला पोसता, असं विचारणाऱ्यांना योजनेचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांचं उत्तर होतं की इतरांसारखं त्यांनाही पोट आहे.

आणि हे लोक बेकार का झाले, हा अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे. १९२७ नंतर बोलपट आले आणि मूकपटाला पडद्यापुढे बसून साथ देणारे हजारो वादक घरी बसले. गावोगावच्या रंगमंचांवर नकला, गाणी, कसरती करणाऱ्यांची जागा सिनेमानं आणि रेडिओनं घेतली. त्यातच मंदी आली. म्हणजे एकीकडून यंत्र आणि दुसरीकडून बाजार, अशा दोन्ही बाजूंनी मार बसलेला हा वर्ग होता. तंत्रज्ञानामुळे जाणारे रोजगार हा विषय आपण पुढच्या सत्रात ठेवला आहे ना? मग त्याचं इतकं चपखल उदाहरण आपल्याच हातानं का खोडायचं?

नाटकांचं घ्या. हॅली फ्लॅनगन या महाविद्यालयात नाट्य शिकवणाऱ्या बाईंकडे देशभरातल्या बेकार नाटकवाल्यांची जबाबदारी आली. निधीचा बहुतेक भाग पगारावरच खर्च करायचा, नेपथ्यावर नाही, असा दंडक होता. माणसं भरपूर, लाकूडसामान नाही! त्यातून ‘जिवंत वर्तमानपत्र’ हा प्रकार बहरला. बेकार पत्रकारांनी माहिती गोळा करायची. रंगमंचावर पडदे आणि महाल नाहीत, प्रकाशझोत, ध्वनिक्षेपकातून येणारा आवाज आणि माणसांचे घोळके. शेतमालाचे भाव, वीज कंपन्या, झोपडपट्ट्या हे विषय. देशाच्या एक तृतीयांश लोकांना नीट घर, कपडा, अन्न नाही, असं रूझवेल्ट १९३७ च्या जानेवारीत पदग्रहणाच्या भाषणात म्हणाले. तेच शब्द घेऊन पुढच्या वर्षी घरांच्या दुर्दशेवर नाटक उभं राहिलं. मदतीचा नियम कलेचा घाट कसा ठरवतो, हे याहून स्वच्छ कुठे दाखवता येईल, मला माहीत नाही.

न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतली १४ एप्रिल १९३६ ची रात्र मी वर्गात सविस्तर सांगतो. लाफायेत थिएटरात ‘मॅकबेथ’चा पहिला प्रयोग. सगळे नट कृष्णवर्णीय, त्यातले बरेच कधी रंगमंचावर न चढलेले. कथा स्कॉटलंडमधून उचलून हैतीसारख्या बेटावर नेलेली, चेटकिणींच्या जागी वूडूचे मांत्रिक आणि खरे ढोल. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स, वय २० वर्षं. बाहेर एवढी गर्दी की रस्त्यावरची वाहतूक अडली. त्या काळात कृष्णवर्णीय नटाला व्यावसायिक रंगभूमीवर बहुधा नोकराची नाहीतर विदूषकाची भूमिका मिळायची. इथे तो राजा होता आणि सरकारी हजेरीपटावर होता.

मग शेवट. १९३८ च्या डिसेंबरात फ्लॅनगनबाईंना काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कम्युनिस्ट प्रभाव शोधणाऱ्या चौकशी समितीपुढे बोलावलं गेलं. त्यांच्या एका लेखात मार्लो या नाटककाराचा उल्लेख होता. हा मार्लो कम्युनिस्ट आहे का, असं एका सदस्यानं विचारलं. तो शेक्सपिअरच्या आधीचा श्रेष्ठ नाटककार, अशी नोंद करून घ्या, असं बाईंनी सांगितलं. वर्ग हसतो. हसून झाल्यावर मी सांगतो की ३० जून १९३९ ला काँग्रेसनं या नाट्यप्रकल्पाचा निधी बंद केला. न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी मुलांसाठी ‘पिनोकिओ’ चाललं होतं. शेवटच्या प्रयोगात नाटकवाल्यांनी शेवट बदलला: लाकडी बाहुला माणूस झालाच नाही, मेला. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत नेपथ्य उतरवलं गेलं. अर्थसंकल्पातली कपात म्हणजे काय, हे मुलांना त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरी हरकत किरकोळ, पण लाज आणणारी. आराखड्याबरोबरच्या चित्रांच्या यादीत एका टपाल कार्यालयाच्या भित्तिचित्राखाली ‘डब्ल्यूपीए’ लिहिलं आहे. टपाल कार्यालयांतली बहुतेक भित्तिचित्रं अर्थखात्याच्या ‘सेक्शन’ नावाच्या कला विभागानं करून घेतली होती. तिथे गरज बघत नसत, स्पर्धेतून उत्तम चित्रकार निवडत. डब्ल्यूपीएमध्ये चित्रकार पोटासाठी येत. एकीकडे चित्र आधी, दुसरीकडे चित्रकार आधी. हा फरक शिकवला तर ‘मदत’ आणि ‘कंत्राट’ यांतलं अंतर दोन मिनिटांत कळतं. उपघटकच काढल्यावर अशा चुका कोण पकडणार?

चौथी हरकत, ‘पूरक वाचना’च्या यादीत ठेवलेल्या एका वाक्याला: “मंदीत दुःख विसरण्यासाठी लोक सिनेमाकडे वळले.” हे जिकडेतिकडे छापलेलं असतं आणि अर्धंच खरं असतं. १९३० नंतर प्रेक्षक आटले. कितीतरी थिएटरं बंद पडली. पॅरामाउंटसारखी बलाढ्य कंपनी १९३३ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिकिटावर बशी-कप देणं, एका तिकिटात दोन चित्रपट दाखवणं, असे उद्योग थिएटरवाल्यांना करावे लागले. पुढे धंदा सावरला हे खरं, पण लोक जे पाहत होते ते निव्वळ विस्मरण नव्हतं. वॉर्नर ब्रदर्सचा १९३३ चा एक संगीतपट नाण्यांचे कपडे घातलेल्या मुलींच्या ‘आता पैसाच पैसा’ छापाच्या गाण्यानं सुरू होतो आणि गाणं चालू असतानाच थकबाकीपोटी जप्तीवाले येऊन सामान आणि कपडे उचलू लागतात. तोच चित्रपट संपतो तो पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या गाण्यावर: आधी मिरवणूक, मग रणांगण, मग भाकरीची रांग. आदल्याच वर्षी, जुलै १९३२ मध्ये, भत्त्याची मागणी घेऊन वॉशिंग्टनला आलेल्या माजी सैनिकांना लष्करानं हुसकून लावलं होतं आणि त्यांच्या झोपड्या जळाल्या होत्या. त्या गाण्यातला ‘विस्मृत माणूस’ हा शब्दप्रयोग रूझवेल्टच्या १९३२ च्या रेडिओ भाषणातला. भाषणातून पडद्यावरच्या गाण्यात, असा हा प्रवास आहे. तो ‘करमणूक’ या सदरात कसा बसवायचा?

पाचवी हरकत: या कपातीबरोबर मदतीतून वगळलेले लोकही गेले. जुन्या उपघटकात त्यांच्यासाठी निदान दोन परिच्छेद होते. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे बाहेर ठेवले गेले. दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार नेमके याच दोन कामांत होते. पिकं कमी करण्यासाठी जमीनमालकांना पैसे मिळाले आणि कुळांना जमिनीवरून उठवलं गेलं. तरुणांना जंगलकामावर नेणाऱ्या सीसीसीत महिन्याला ३० डॉलर मिळत आणि त्यातले २५ डॉलर परस्पर घरी धाडले जात. मुलांना ही योजना फार आवडते. तिच्या छावण्या मात्र वर्णानुसार वेगळ्या होत्या. मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना, त्यांत अमेरिकेत जन्मलेली मुलंही आली, सीमेपलीकडे पाठवलं गेलं. आणि त्या वर्षांत रेडिओवर सगळ्यात गाजत होती ती दोन गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीयांचे आवाज काढून केलेली विनोदी मालिका. कायदा कोणाला वगळतो आणि विनोद कोणाला हसतो, हे शेजारी ठेवून पाहायला हवं.

याच मदतकार्यातल्या लेखकांनी १९३६ ते १९३८ मध्ये, एकेकाळी गुलाम म्हणून जगलेल्या २,३०० हून अधिक वृद्धांच्या मुलाखती लिहून घेतल्या. बेकार लेखकांना काम हवं होतं म्हणून हा दस्तऐवज उरला. त्यात विचारणारे बरेचसे गोरे, सांगणारे त्यांच्यावर अवलंबून, तेही मंदीत. म्हणून उत्तरं जपून वाचावी लागतात. साधनचिकित्सा शिकवायला याहून चांगलं साधन मला दाखवा. डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमोजवळ काढलेल्या ‘स्थलांतरित माते’च्या छायाचित्राचंही तसंच. छायाचित्रं वर्तमानपत्रात आल्यावर त्या छावणीकडे सरकारी धान्य रवाना झालं. तोवर ती बाई मुलांना घेऊन पुढे निघून गेली होती. छायाचित्र जगभर पोचलं आणि छायाचित्रातल्या बाईपर्यंत धान्य पोचलं नाही, हे दोन्ही एकाच तासात सांगता येतं.

कोणी म्हणेल, हा न्यू डीलचा गौरव चालला आहे. तसं नाही. १९३७-३८ मध्ये सरकारनं खर्च आवरताच बेकारी पुन्हा वाढली. मंदी पुरती हटली ती युद्धाच्या कारखान्यांनी. युद्धकाळात सरकारी गोदामातली कितीतरी चित्रं रद्दीच्या भावानं, वजनावर विकली गेली. हेही शिकवायचं आहे, आणि तेही त्या काढलेल्या उपघटकातच होतं.

तासिकांचं कारण मला पटत नाही. धरणांसाठी आराखड्यात जागा आहे. वीज विकणाऱ्या सरकारी खात्यानं १९४१ मध्ये वूडी गथ्री या गायकाला महिनाभर नेमून कोलंबिया नदीवरच्या धरणांसाठी २६ गाणी लिहून घेतली, आणि महिन्याचा पगार २६६ डॉलर ६६ सेंट दिला. ही गोष्ट सांगायला पाच मिनिटं लागतात आणि धरण मुलांच्या लक्षात राहतं. कायद्यांच्या कलमांची यादी लिहून द्यायला पूर्ण तास जातो.

आता मागण्या.

‘सरकारी मदतकार्य आणि लोकप्रिय संस्कृती’ हा उपघटक मूळ जागी परत यावा. त्याला चार तासिका पुरेत. त्या ‘प्रमुख कायदे व संस्था’ यांच्या वाट्यातून घ्याव्यात, बाकी कशाला धक्का लावायची गरज नाही.

‘टीपा लिहा : टीव्हीए’ या धर्तीच्या प्रश्नाऐवजी निदान एक प्रश्न साधनावर असावा. एक छायाचित्र, मुलाखतीतला उतारा किंवा भाषणाचा तुकडा द्यावा आणि कोणासाठी, कोणी, कोणाच्या पैशानं हे घडवलं ते विचारावं.

मदतीतून वगळलेल्यांचा भाग ऐच्छिक नको, अनिवार्य हवा.

भित्तिचित्राखालची ओळ दुरुस्त करावी आणि सिनेमाबद्दलचं ते वाक्य काढावं.

साधनांचा खर्च हे कारण पुढे करू नये. शेती खात्याच्या छायाचित्रकारांनी काढलेली छायाचित्रं आणि त्या २,३०० मुलाखती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं सर्वांसाठी मोफत खुल्या ठेवल्या आहेत. अडचण फक्त भाषेची आहे. निवडक दहा मुलाखतींचं मराठी भाषांतर करायला मी तयार आहे. मानधन नको, तपासणारा दुसरा शिक्षक मंडळानं नेमावा.

या पत्राला लेखी उत्तर मिळावं आणि ते आराखडा विद्या परिषदेपुढे जाण्याआधी मिळावं. उत्तर नकाराचं असलं तरी चालेल, मात्र त्यात कारणं असावीत आणि निर्णयाच्या बैठकीचं इतिवृत्त सोबत जोडलेलं असावं. बैठकीला बोलावलंत तर मी येईन. माझ्या वर्गातले दोन विद्यार्थीही यायचं म्हणताहेत, त्यांनाही बसू द्यावं.

आपला,
हा पेपर शिकवणारा एक प्राध्यापक